डेड फोनचे पार्ट पुन्हा कामाला लावताना: इवला कनेक्टर ओळखण्यापासून टाका मारण्यापर्यंत

मोबाइल रिपेअरिंगच्या बहुतेक दुकानांत काउंटरखाली डेड सेटचा एक डबा असतो. कुणाचा मदरबोर्ड गेलेला, कुणाची काच फुटलेली, कुणी पाण्यात पडलेला. पण त्यांतला व्हायब्रेटर, रिंगर, टाइप-सीचा चार्जिंग बोर्ड, कधीकधी बॅटरीसुद्धा ठणठणीत असते. हे पार्ट आपल्या ईएसपी३२ला किंवा आर्डुइनोला (हौशी प्रकल्पांतल्या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डांना) जोडू म्हणून माणूस फोन उघडतो आणि पहिल्याच कनेक्टरपाशी अडतो. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यात वीस-चाळीस पिना, वर ना नाव ना नंबर.

नवशिक्यांना सोल्डरिंगची धास्ती असते. ते चार-सहा भंगार बोर्डांवर सराव केला की हाताला बसतं. खरा वेळ जातो कनेक्टर ओळखण्यात आणि त्याची जोडी मिळवण्यात, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: पार्टवर कनेक्टरचा एकच अर्धा असतो, दुसरा अर्धा त्याच फोनच्या मदरबोर्डवर असतो. पार्ट ठेवून बोर्ड भंगारात दिलात तर निम्मं काम हातचं घालवलंत.

१. कोणत्या पार्टच्या मागे लागायचं

व्हायब्रेटर, रिंगर, इअरपीस आणि फ्लॅशचा एलईडी हे सोपे. यांना बहुधा कनेक्टर नसतोच. स्प्रिंगच्या पट्ट्या किंवा दोन पॅड असतात, सरळ वायर टाकता येते. चार्जिंगचा सब-बोर्ड, ज्याला दुकानात सीसी बोर्ड म्हणतात, हा मधल्या काठिण्याचा आणि शिकायला सगळ्यात चांगला. ब्लॅकबेरी क्यू१०चा कीबोर्ड हौशी लोकांत लोकप्रिय आहे, कारण आत साधं रो-कॉलम मॅट्रिक्स आहे आणि पिनांची माहिती उघड उपलब्ध आहे.

डिस्प्ले (दुकानातला ‘फोल्डर’) आणि कॅमेरा यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. कनेक्टर जमला तरी पुढे एमआयपीआयच्या (डिस्प्ले-कॅमेऱ्याचा डेटा वाहणाऱ्या) वेगवान जोड्या, दोन-तीन वेगवेगळे व्होल्टेज, ते चढवण्याचा ठरलेला क्रम आणि पॅनेल जागं करणाऱ्या कमांडची यादी लागते. ती यादी हातात नसेल तर कितीही सुबक टाके मारा, पडदा काळाच राहतो. फिंगरप्रिंट सेन्सरही सोडून द्या; बहुतेक फोनांत तो मूळ बोर्डाशी बांधलेला असतो.

२. सेट कुठून घ्यायचा आणि घेताना काय बघायचं

ठाण्यात स्टेशनच्या आसपास आणि नौपाड्यात, नवी मुंबईत वाशी, नेरूळ, कोपरखैरणेत रिपेअरिंगची दुकानं भरपूर आहेत. मागताना “डेड सेट पाहिजे, बोर्डासकट” असं स्पष्ट सांगा. नुसता “डेड सेट” म्हटलात तर बरेचदा बोर्ड काढून ठेवलेला सांगाडा हातात येतो. शक्य असेल तर एकाच मॉडेलचे दोन सेट घ्या: एक मोजायला आणि बिघडवायला, दुसरा कामाचा.

घेण्याआधी आयएमईआय तपासा. बंद फोनचा आयएमईआय सिमच्या ट्रेवर, मागच्या झाकणावर किंवा जुन्या मॉडेलांत बॅटरीखाली छापलेला असतो. इंग्रजीत केवायएम टाइप करून एक जागा सोडा, मग आयएमईआय लिहा आणि एसएमएस १४४२२ वर पाठवा. संचार साथी पोर्टलवरही हेच तपासता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट आलं तर तो सेट तिथेच ठेवा. दुकानदाराकडून साधी का होईना पावती घ्या. आणि आतली मेमरी दुसऱ्या कुणाची तरी आहे, तिच्यात डोकावू नका.

सुटे एफपीसी (लवचीक पट्टीचे) कनेक्टर मॉडेलच्या नावाने मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटात मिळतात. हत्यारं, वायर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ), सुटे इलेक्ट्रॉनिक पार्ट लॅमिंग्टन रोडला म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या स्लो लोकलने ग्रँट रोड गाठा. वाशीकरांना हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. कंपनीचा नेमका पार्ट नंबर कळला असेल तर मात्र माउसर, डिजीकी किंवा एलिमेंट१४ वरून मागवणंच बरं.

३. सामान

- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, सुरीसारखी के-टिप आणि एक बारीक टिप
- हॉट एअर गन, ५ ते ८ मिमीचं नोझल
- ०.३ किंवा ०.४ मिमीची ६३/३७ सोल्डर वायर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं, वितळबिंदू १८३ अंश)
- १३८ अंशाची लो-टेम्परेचर पेस्ट, कनेक्टर काढण्यापुरती
- सिरिंजमधला चांगला नो-क्लीन फ्लक्स, २ मिमी रुंद डिसोल्डरिंग वायर
- ०.१ मिमीची इनॅमल जंपर वायर, कॅप्टन (Kapton) टेप, म्हणजे उष्णता सोसणारी पिवळी टेप, ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मऊ ब्रश
- डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, सुईसारख्या प्रोबचा मल्टिमीटर
- सरळ आणि वाकडा चिमटा, प्लॅस्टिकची पट्टी
- मायक्रोस्कोप, निदान १० पट दाखवणारं भिंग

पैसे वाचवायचे असतील तर चिमट्यात आणि गनमध्ये वाचवा, फ्लक्समध्ये नको. बाजारात नावाजलेल्या फ्लक्सच्या नकली सिरिंजा सर्रास मिळतात. तापवल्यावर काळा पडून चिकट राहणारा फ्लक्स असेल तर तो फेकून द्या, कारण तो कनेक्टरच्या पिनांमध्ये जाऊन बसला की आयपीएनेही निघत नाही.

काम खिडकीजवळ करा, धूर तोंडावर घेऊ नका. शिशाची वायर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. स्वयंपाकघराचा ओटा या कामासाठी नाही.

४. उघडताना

सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग बाकीचे. बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर, ज्याला सगळे बीटूबी म्हणतात, तो लांब बाजूच्या मधोमध प्लॅस्टिकची पट्टी घालून सरळ वर उचलायचा. स्टीलचा चिमटा घालून एका टोकाने उचकटलात तर शेजारचे कपॅसिटर उडतात आणि टोकाची पिन वाकते. अँटेनाची गोल सोनेरी टोपी असते, तीही सरळ वरच निघते. झिफ सॉकेटचं (ज्यात लवचीक केबलची पट्टी सरकवून झाकणाने दाबतात) काळं किंवा पांढरं झाकण आधी नखाने उभं करायचं, मगच ती केबलची पट्टी ओढायची.

फोनमधले हे बीटूबी कनेक्टर रोज काढायला-घालायला बनवलेले नाहीत. बरेचसे साधारण १० वेळा जोडण्या-सोडण्याच्या हिशोबाने बनवलेले असतात. त्यामुळे गंमत म्हणून ‘टक टक’ करत बसू नका, आणि तयार प्रकल्पात एकदा जोडला की वरून कॅप्टन टेप लावून त्याला विसरा.

५. कनेक्टर ओळखणं

पहिला प्रश्न: झिफ की बीटूबी? पट्टीच्या टोकाला नुसत्या उघड्या सोनेरी रेघा असतील तर झिफ. त्याचं काम सोपं: रेघांचं अंतर, रेघांची संख्या, रेघा पट्टीच्या वर आहेत की खाली, आणि पट्टीची जाडी, या चार गोष्टी कळल्या की सॉकेट विकत मिळतं. ०.५ मिमी अंतराच्या पट्टीचं टोक सहसा ०.३ मिमी जाड असतं, ०.३ मिमी अंतराच्या पट्टीचं बरेचदा ०.२. ही जाडी चुकली तर झाकण बंद होतं पण संपर्क होत नाही, आणि माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत राहतो.

पट्टीच्या टोकाला प्लॅस्टिकचा ठोकळा आणि त्यात दोन ओळी असतील तर बीटूबी. त्याच्या सहा गोष्टी टिपून घ्या.

*पिनांची संख्या.* एका ओळीतल्या मोजा, भिंगातून दोनदा. टोकाच्या रुंद पट्ट्या यात धरू नका. त्या एकतर बोर्डाला पकड देणारे अँकर असतात किंवा जास्त करंटचे पॉवर कॉन्टॅक्ट. वेगळ्या लिहून ठेवा.

*पिच, म्हणजे दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर.* दोन शेजारच्या पिनांवर कॅलिपर लावून ते कधीच कळणार नाही. पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा. एका ओळीत २० पिना असतील आणि अंतर ७.६ मिमी आलं, तर ७.६ भागिले १९ म्हणजे ०.४ मिमी. तेच ६.६५ आलं तर ०.३५. मधला फरक जवळपास एक मिलिमीटरचा आहे, साध्या कॅलिपरलाही चुकत नाही. इथे दोन खड्डे आहेत. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं तर एका पिनेची रुंदी जास्तीची येते. आणि अँकर पिनांत मोजले की उत्तर भलतंच येतं: त्याच ७.६ मिमीत २० ऐवजी २२ पिना धरल्या तर ०.३६ निघतात, आणि मग ते ०.३५ असेल असं मनाला पटवलं जातं. उत्तर ०.३५, ०.४ किंवा ०.५ च्या अगदी जवळ येत नसेल तर मोजणी चुकली आहे, परत मोजा.

*प्लग की सॉकेट.* मधे खोल खाच आणि आतल्या बाजूला वाकलेल्या स्प्रिंगदार पिना असतील तर सॉकेट. मधला भाग उंच येऊन पिना त्याच्या बाहेरून वळल्या असतील तर प्लग. बहुतेक फोनांत सॉकेट बोर्डावर आणि प्लग पट्टीवर असतो, पण हा नियम धरून चालू नका.

*लांबी आणि रुंदी*, प्लॅस्टिकच्या बाहेरच्या कडांपासून, ०.०५ मिमीपर्यंत. पिच आणि पिनांची संख्या जुळूनही दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसत नाहीत ते या रुंदीमुळे.

*जोडल्यावरची उंची.* फोनमध्ये ती साधारण ०.६ ते ०.८ मिमी असते. ०.६ चा प्लग ०.८ च्या सॉकेटमध्ये चालेल असं गृहीत धरू नका.

*टोकाचे पॉवर कॉन्टॅक्ट* आहेत का. सिग्नलची बारीक पिन साधारण ०.३ अँपियर सोसते. बॅटरीचा किंवा चार्जिंगचा करंट जिथून जातो तिथे म्हणूनच रुंद कॉन्टॅक्ट किंवा एकाच लाइनच्या पाच-सहा पिना असतात.

हे सगळं हातात आलं की हिरोसे, मोलेक्स, पॅनासॉनिक, जेएई या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये पिच आणि पिनांचा फिल्टर लावून शोधायचं. हिरोसेचे नंबर वाचायला शिकलात तर काम हलकं होतं. उदाहरणार्थ बीएम२०बी(०.८)-४०डीएस-०.४व्ही: बीएम२० ही मालिका, ०.८ ही जोडल्यावरची उंची, ४० एकूण पिना, डीएस म्हणजे सॉकेट, डीपी असतं तर प्लग, आणि ०.४ हा पिच. बीएम२८ मालिकेत पिच ०.३५ आणि टोकाला पॉवर कॉन्टॅक्ट असतात. मग डेटाशीटमधल्या (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकातल्या) चित्रातली रुंदी आणि तुमचं माप शेजारी ठेवा. जुळलं तर एक नवीन कनेक्टर मागवा आणि चिमट्याने अलगद बसवून बघा. नीट जुळला तर बारीक ‘टक’ जाणवतो. जोर लावावा लागत असेल तर तो कनेक्टर तुमचा नाही.

नाहीच जुळला कुठला, तर डेड बोर्डवरचा सॉकेट काढून वापरायचा. तो हमखास बसतो, म्हणून तर बोर्ड जपायचा.

६. कोणती पिन कशाची

रिपेअरिंगवाल्यांकडे झेडएक्सडब्ल्यू किंवा बोर्निओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक मॉडेलांचे स्कीमॅटिक (सर्किटचे नकाशे) असतात. ओळखीचा दुकानदार असेल तर कनेक्टरच्या पानाचा फोटो मागून घ्या, दोन तास वाचतील. नसेल तर मीटर आहेच.

डेड बोर्डावर, बॅटरी काढलेली असताना, आधी बीप मोडमध्ये ग्राउंड शोधा: शील्डच्या पत्र्यावर एक प्रोब, दुसरा एकेका पिनेवर. मग डायोड मोड लावा, लाल प्रोब ग्राउंडला, काळा पिनेवर. जवळपास शून्य आलं तर ग्राउंड किंवा शॉर्ट. ओएल (म्हणजे जोडणीच नाही) आलं तर ती पिन बहुतेक रिकामी. ०.३ ते ०.७ च्या मधे आलं तर लाइन कुठल्या तरी आयसीत जाते आहे. शेजारच्या दोन पिना जवळजवळ सारखंच रीडिंग देत असतील आणि दोन्ही बाजूंना ग्राउंड असेल तर ती बहुधा वेगवान डेटाची जोडी. कागदावर कनेक्टर मोठा काढून प्रत्येक चौकोनात आकडा लिहा. डोक्यात ठेवू म्हणालात तर घोटाळा ठरलेला.

आता सीसी बोर्डाचं उदाहरण घ्या. त्याच्या टाइप-सी जॅकमध्ये २४ पिनांचा मेल ब्रेकआउट (प्रत्येक पिन वेगळ्या पॅडवर आणून देणारा छोटा बोर्ड) घाला आणि त्याच्या पॅडपासून बीटूबीच्या पिनांपर्यंत बीप तपासा. ए१, ए१२, बी१, बी१२ ग्राउंड. ए४, ए९, बी४, बी९ हे व्हीबस, म्हणजे ५ व्होल्ट; बीटूबीवर हे बरेचदा सलग पाच-सहा पिनांवर वाटलेलं दिसतं. ए६ आणि बी६ डी-प्लस, ए७ आणि बी७ डी-मायनस. ए५ आणि बी५ हे सीसी१ आणि सीसी२, समोर काय जोडलंय ते चार्जरला कळवणाऱ्या लाइन; ‘सीसी बोर्ड’ या नावातला सीसी वेगळा. व्हीबसला बीप आला नाही तर घाबरू नका, काही बोर्डांवर मधे ओव्हरव्होल्टेजची आयसी असते. उरलेल्या पिनांत माइक आणि व्हायब्रेटर निघतात.

इथे जवळपास प्रत्येकजण एकदा अडकतो. सीसी बोर्ड वेगळा काढून टाइप-सी ते टाइप-सी केबलने चार्जर लावला तर व्हीबसवर काहीच येत नाही, जुन्या ए-टाइप चार्जरने मात्र येतं. लोक बोर्ड खराब समजून फेकतात. कारण वेगळं आहे: टाइप-सीचा चार्जर समोर सीसी लाइनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसल्याशिवाय ५ व्होल्ट सोडतच नाही, आणि फोनमध्ये ते काम मदरबोर्डवरची आयसी करते. तेव्हा सीसी१ पासून ग्राउंडला एक आणि सीसी२ पासून ग्राउंडला दुसरा, असे दोन स्वतंत्र ५.१ किलोओहमचे रेझिस्टर टाका. दोन्ही लाइन जोडून एकच रेझिस्टर टाकण्याची काटकसर करू नका. २०१९च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये नेमकं हेच झालं होतं आणि ई-मार्क केबलवर (जिच्या आत ओळख सांगणारी चिप असते) त्याला वीज मिळत नव्हती.

व्हायब्रेटरबद्दल एवढंच: ३ व्होल्ट डीसी क्षणभर लावून बघा. सलग फिरला तर साधी मोटर, ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड लावून चालवा. एकदाच ‘टप’ करून थांबला तर तो एलआरए (मोटर न फिरता पुढे-मागे थरथरणारा व्हायब्रेटर) आहे, त्याला ठरावीक फ्रीक्वेन्सीचा एसी लागतो. डीआरव्ही२६०५एल ही आयसी ते काम करते.

७. डेड बोर्डावरून सॉकेट काढणं

फोनच्या बोर्डावर बिनशिशाचं सोल्डर असतं, २१७ अंशांच्या पुढे वितळणारं. त्यात बोर्डाच्या आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात. नुसती वरून हवा मारलीत तर सोल्डर सुटायच्या आत प्लॅस्टिक फुगतं. म्हणून असं करा.

अ) कॅप्टन टेपने आजूबाजूचे भाग झाका. मागच्या बाजूला शील्डचा पत्रा असेल तर तो आधी काढा.

आ) पिनांच्या दोन्ही ओळींना फ्लक्स लावून १३८ अंशाची पेस्ट के-टिपने बाहेरून ओढत न्या. जुन्या सोल्डरमध्ये ती मिसळली की सगळं मिश्रण कमी तापमानाला सुटतं.

इ) बोर्ड होल्डरमध्ये धरून गन शक्यतो खालून, कनेक्टरच्या बरोब्बर मागे चालवा. डायल ३०० ते ३३०, हवा कमी, अंतर दीड सेंटिमीटर, गोल फिरवत. पेस्ट न मिसळता काढायचं असेल तर ३५०-३६० लागतात.

ई) चिमट्याने हलकेच ढकलून बघा. तरंगल्यासारखा हलला तरच उचला. अडकल्यासारखा वाटला तर अजून दहा सेकंद द्या. ओढलात की पिना बोर्डावर राहतात आणि नुसतं प्लॅस्टिक हातात येतं.

उ) पिनांवरचं मिश्रण डिसोल्डरिंग वायरने पूर्ण काढा. हे टाळू नका. १३८ अंशाच्या पेस्टमध्ये बिस्मथ असतं; तिचा अंश राहिला आणि वर शिशाचं ६३/३७ लावलं, तर कथील, शिसं आणि बिस्मथ मिळून ९६ अंशांलाच वितळणारा भाग तयार होतो. टाका वरून चकचकीत दिसतो आणि जरा गरम झाला की सुटतो.

काढलेला सॉकेट काचेवर ठेवून कडेने बघा. सगळ्या पिना काचेला टेकल्या पाहिजेत. मधेच फुगला असेल तर सराव म्हणून ठेवा, कामात घेऊ नका.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. ठाणे-नवी मुंबईच्या जून-जुलैच्या हवेत पॉलिइमाइडच्या पट्ट्या ओल धरतात. तशीच गरम हवा मारली की पट्टीला फोड येतात आणि थर सुटतात. आधी १०० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये (खाण्याच्या नव्हे) वाळवा. बॅटरी लागलेली पट्टी अर्थातच ओव्हनमध्ये जाणार नाही.

८. ब्रेकआउट बोर्ड

चार-पाचच लाइन हव्या असतील तर बोर्ड बनवायच्या फंदात न पडता ०.१ मिमीची इनॅमल वायर सरळ पॅडवर लावा आणि यूव्ही मास्कने (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या लेपाने) पक्की करा. त्याहून जास्त पिना असतील तर किकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बोर्ड काढा. फूटप्रिंट (पॅडची मांडणी) डेटाशीटवरून घ्या, नुसत्या मापावरून नको. ०.४ पिचला पॅड साधारण ०.२ मिमी आणि मधली फट तेवढीच, त्या फटीत सोल्डर मास्कचा बांध राहिलाच पाहिजे. कारखान्याला तो सांगून ठेवा. फिनिश एनिग (पॅडवर सोन्याचा सपाट मुलामा) मागा. एचएएसएलच्या (वितळलेल्या सोल्डरचा मुलामा दिलेल्या) पॅडवर सोल्डरचे उंचवटे असतात आणि कनेक्टर त्यावर डुगडुगतो. जाडी ०.८ मिमी घेतली तर खालून तापवायला सोपं जातं.

सगळ्यात महाग पडणारी चूक आरशाची. पट्टीवरचा प्लग उलटा होऊन सॉकेटमध्ये बसतो, त्यामुळे पट्टीकडे बघून काढलेला नकाशा सॉकेटसाठी डावा-उजवा उलटतो. ऑर्डर देण्याआधी डिझाइन दहा पट मोठं छापा, पार्टचा फोटो तेवढाच मोठा करा आणि ग्राउंडच्या पिनांची जागा ताडून बघा. ग्राउंड सहसा दोन्ही बाजूंना सारखे नसतात, त्यामुळे उलटलेलं लगेच कळतं.

९. टाका मारणं

पॅडवर फ्लक्सचा पातळ थर द्या. के-टिप ३२० अंशांवर, टोकाला अगदी थोडं सोल्डर, आणि पॅडच्या ओळीवरून एकदाच ओढा. मग डिसोल्डरिंग वायरने जास्तीचं उचला. पॅडवर चमक राहिली पाहिजे, टेकडी नको. या एका पायरीवर सगळं अवलंबून आहे: जास्त झालेलं सोल्डर पिनेवरून चढून आत संपर्काच्या जागेपर्यंत जातं आणि मग प्लग बसतच नाही. आत चढलेलं सोल्डर काढायची धडपड करू नका, दुसरा सॉकेट घ्या.

जुना फ्लक्स पुसा, नवा अगदी थोडा लावा. चमचाभर फ्लक्सात कनेक्टर पोहतो आणि उकळी आली की फिरतो. चिमट्याने ठेवून चारही कोपऱ्यांचे अँकर पॅडवर बसवा, कारण पिनांपेक्षा अँकर बघून सरळ ठेवणं सोपं. भिंगातून दोन्ही टोकांची पहिली पिन तपासा.

बोर्ड उचलून धरून खालून ३०० ते ३२० अंशांची हवा द्या. सोल्डर वितळलं की कनेक्टर किंचित खाली बसतो आणि आपोआप मधोमध सरकतो. त्या क्षणी वरून दाबण्याचा मोह होतो. दाबू नका, वितळलेलं सोल्डर बाजूला पिचकून शेजारच्या पिना जोडतं. फार तर चिमट्याच्या टोकाने कडेला एक टिचकी. गन बाजूला घ्या आणि अर्धा मिनिट बोर्ड हलवू नका.

गन नसेल तर सोल्डरिंग आयर्नच्या टिपनेही होतं: आधी समोरासमोरचे दोन अँकर, मग ताजा फ्लक्स लावून पिनांच्या बाहेरच्या टोकांना स्पर्श करत जा. वायर वेगळी लावू नका, पॅडवरचं सोल्डर पुरतं. दोन पिना जुळल्या तर स्वच्छ, कोरडी टिप आणि फ्लक्स. नाहीच निघालं तर डिसोल्डरिंग वायरचा टोकाचा एक धागा.

१०. वीज देण्याआधी

आयपीएने धुवा, ब्रश पिनांच्या दिशेने फिरवा, दोनदा ताज्या आयपीएने, आणि पूर्ण वाळू द्या. मग क्रमाने:

- प्रत्येक शेजारच्या जोडीत बीप तपासा. ज्या दोन पिना मुळातच जोडलेल्या आहेत त्या नकाशावर आधी खूण करून ठेवा.
- सुईने पिन बाजूला हलकी ढकलून बघा. हलली तर टाका कच्चा.
- प्लग बसवा आणि बीप पार्टच्या टोकापासून ब्रेकआउटच्या टोकापर्यंत घ्या. सॉकेटच्या पायापर्यंत बीप येऊनही आत फ्लक्सचा पापुद्रा असू शकतो.
- व्हीबस ते ग्राउंड शॉर्ट नाही ना, हे शेवटी पुन्हा एकदा.

पहिली वीज बेंच सप्लायवरून, करंटची मर्यादा ५० ते १०० मिलिअँपियर ठेवून. सप्लाय लगेच मर्यादेला टेकला तर बंद करा. बोर्डावर थोडा आयपीए टाकून क्षणभर चालू करा, जिथलं आधी वाळतं तिथे शॉर्ट.

११. बॅटरी वापरायची असेल तर

फुगलेली, वाकलेली, खरचटलेली किंवा २.५ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी वापरू नका. चांगल्या बॅटरीचा बीटूबी कनेक्टर जपण्यात अर्थ नाही. तिच्या डोक्यावरच्या छोट्या संरक्षक बोर्डाच्या बाहेरच्या बाजूला, प्लस-मायनसच्या पॅडवर वायर लावा. तो संरक्षक बोर्ड काढून सरळ सेलच्या पत्तीला टाका मारू नका. पट्टी कापायची वेळ आलीच तर एका वेळी एकच रेघ कापा आणि लगेच कॅप्टन टेप. सगळी पट्टी एका कात्रीत कापली की कात्रीच शॉर्ट करते.

लेबलवर चार्जिंगचं कमाल व्होल्टेज ४.३५, ४.४ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तरी टीपी४०५६चं ४.२ व्होल्टचं मॉड्यूल चालतं, क्षमता थोडी कमी मिळते इतकंच. मात्र ते मॉड्यूल १ अँपियरवर ठरवलेलं येतं. छोट्या बॅटरीसाठी त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदला, २.४ किलोओहम लावला की करंट निम्मा होतो. पहिलं चार्जिंग समोर बसून, लाकडी टेबलावर नव्हे, लादीवर करा.

टाकाऊ बॅटऱ्या आणि उरलेले बोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. देताना बॅटरीच्या कनेक्टरवर टेप लावलेली असू द्या.